सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूती हवी असेल, तर आधी जुने कागद मिळवा

आपल्या मराठवाड्यात पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. त्यामुळे लातूर किंवा परभणीच्या दवाखान्यात झालेल्या सिझेरियनचे कागद तिथेच राहतात आणि सासरी येताना हाती केवळ डिस्चार्ज कार्ड असते. ते पुरेसे नाही. नव्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, म्हणजे ऑपरेशन नोट्स, लागतात, कारण पोटावरचा आडवा व्रण पाहून गर्भाशयावरचा छेद कसा होता हे कळत नाही. तो छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा असेल, तर कळांमध्ये व्रण फाटण्याचा धोका साधारणपणे 200 मध्ये 1 इतका असतो. वरच्या भागात उभा असेल, तर तो बराच वाढतो आणि नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करू नये, असाच सल्ला दिला जातो. सिझेरियनचे कारणही पाहा. बाळ पायाळू असल्यामुळे ते झाले असेल, तर यंदा आशेला अधिक जागा आहे.

अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत कागद द्यावे लागतात, परंतु ते जपण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षांचेच असल्यामुळे, दिवस जाण्याची वाट न पाहता आताच मागा. भावाला पाठवणार असाल, तर त्याच्याजवळ तुमच्या सहीचे अधिकारपत्र द्या.