वाचकांचे प्रश्न : गावच्या दवाखान्याला जाब कोण विचारणार?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावची सरपंच आहे. आमच्या आरोग्य उपकेंद्राला आठवड्यातून दोन-तीन दिवस कुलूप असते. ग्रामसभेत हा विषय निघाला, तेव्हा ‘उपकेंद्र जिल्हा परिषदेचे आहे, ग्रामपंचायतीने त्यात पडू नये’ असे सांगण्यात आले. हे खरे आहे काय?

उत्तर : यातले अर्धे खरे आहे आणि तेवढ्याच अर्ध्याच्या आधारे आपल्याला गप्प करण्यात आले आहे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. तेथील कारभार जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी पाहतात. ग्रामीण रुग्णालय व उपजिल्हा रुग्णालय मात्र राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे असून ते जिल्हा शल्य चिकित्सकांच्या नियंत्रणाखाली असते. हा फरक माहीत नसल्यामुळे कित्येक अर्ज भलत्याच कार्यालयात पडून राहतात, म्हणून तो आधी सांगितला.

मात्र दवाखाना जिल्हा परिषदेचा असला, तरी गावाने त्यावर लक्ष ठेवू नये असे कायदा म्हणत नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांमध्ये ‘आरोग्य व स्वच्छता’ हा विषय रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि दवाखाने यांच्यासह नमूद आहे. त्याहून उपयोगाचे आहे ते महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधील कलम ७. गावात काम करणाऱ्या शासकीय, निमशासकीय आणि पंचायत कर्मचाऱ्यांवर, त्यांच्या कार्यालयीन हजेरीसह, ग्रामसभेचे शिस्तविषयक नियंत्रण राहील, असे हे कलम सांगते. त्यांच्या कामाचे वार्षिक मूल्यमापन वरिष्ठांना कळवण्याचा आणि अनियमितता आढळल्यास ती गटविकास अधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणून देण्याचा अधिकारही ते ग्रामसभेला देते. कारवाईचा अंतिम निर्णय वरिष्ठांचा असतो, परंतु ‘यात पडू नका’ असे म्हणण्याला या कलमानंतर जागा उरत नाही.

आपल्याकडे दुसरेही एक साधन आहे. उपकेंद्राचे आयुष्मान आरोग्य मंदिर (वाढीव सेवा देणारे आरोग्य केंद्र) झालेले असेल, तर तेथे जन आरोग्य समिती असायला हवी. ज्या गावात उपकेंद्र आहे तेथील सरपंच तिचे अध्यक्ष आणि समुदाय आरोग्य अधिकारी तिचे सदस्य-सचिव असतात. म्हणजे ज्या संस्थेबद्दल आपण तक्रार करीत आहात, तिच्या समितीचे अध्यक्षपद बहुधा आपल्याकडेच आहे. मागील बैठकांची इतिवृत्ते मागवून घ्यावीत. बैठकच झाली नसल्याचे आढळले, तर तोच आपला पहिला विषय होईल.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. दाराला कुलूप दिसले म्हणजे कामचुकारपणाच झाला, असे नसते. उपकेंद्रातील सिस्टरांना लसीकरणाची सत्रे, ग्राम आरोग्य व पोषण दिवस, गरोदर मातांच्या भेटी अशा कामांसाठी आसपासच्या गावांत, पोडांवर (कोलाम वस्त्यांवर) आणि तांड्यांवर जावेच लागते, आणि एखादे पद रिक्त असले तर उरलेल्या एकटीच्या अंगावर सगळा भार पडतो. म्हणून आधी महिन्याचा फिरती कार्यक्रम मागावा, तो उपकेंद्राच्या दारावर लावण्याची विनंती करावी आणि कुलूप असलेल्या तारखा त्याच्याशी ताडून पाहाव्यात. जुळणाऱ्या तारखा सोडून द्याव्यात, न जुळणाऱ्याच ठरावात घ्याव्यात.

ठराव कसा लिहिला जातो, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. ‘उपकेंद्र नियमित सुरू राहावे’ असा ठराव गावोगावी होतो आणि त्याचे काहीही होत नाही, कारण त्यावर कोणी उत्तर द्यावे असे त्यात काहीच नसते. त्याऐवजी कोणत्या तारखांना केंद्र बंद होते, त्या दिवशी फिरती कार्यक्रम काय होता, कोणते पद किती दिवसांपासून रिक्त आहे आणि कोणती सेवा न मिळाल्याने लोकांना तालुक्याला जावे लागले, एवढे लिहावे. ठरावाची प्रत गटविकास अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांना देऊन पोच घ्यावी. नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घेणे आवश्यक असते; हा विषय तेथे जरूर ठेवावा, कारण उपकेंद्राची सर्वाधिक गरज ज्यांना पडते त्या स्त्रिया भरल्या ग्रामसभेत क्वचितच बोलतात.

निवडून आलेले सदस्य असतील, तर जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीकडेही दाद मागता येते. मार्च २०२२ मध्ये यवतमाळ, अमरावती, वर्धा अशा जिल्हा परिषदांची मुदत संपून तेथे प्रशासक आले आणि निवडून आलेल्या सदस्यांची ही समितीच राहिली नाही. गावच्या तक्रारीला वरच्या सभागृहात आवाज न उरल्याने किती नुकसान झाले, याची म्हणावी तशी चर्चा आपल्याकडे झाली नाही.

प्रश्न : ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला मिळणारा निधी कशावर खर्च करावा? आमच्या गावात मागील हंगामात एका कास्तकाराने आत्महत्या केली. अशा बाबतीत समितीला काही करता येईल का?

उत्तर : हा अबंधित, म्हणजे एकाच ठरावीक कामाला न बांधलेला, निधी वर्षाला गावामागे १०,००० रुपयांपर्यंत असतो. गरीब रुग्णाची तातडीची वाहतूक, पाण्याच्या स्रोताभोवतीची स्वच्छता, आरोग्य सर्वेक्षण, जनजागृती अशा कामांसाठी तो आहे. समित्यांच्या हिशेबवह्यांत सतरंज्या, खुर्च्या आणि फलक यांचेच खर्च अधिक दिसतात. ते चुकीचे ठरणार नाहीत, पण निधीचा हेतू त्यांतून साधत नाही. जे दुसऱ्या योजनेतून मिळते त्यावर हे पैसे घालवू नयेत. गरोदर मातेला दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोय १०२ क्रमांकाच्या वाहनाने विनामूल्य होते, आणि पाणी शुद्धीकरणाच्या टीसीएल पावडरीचा खर्च ग्रामपंचायतीने करायचा असतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निधीत नाही. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्याने २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तर ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा विनामूल्य उपलब्ध आहे. समितीने या सेवा गावापर्यंत पोहोचतात की नाही, हे पाहावे : मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दिवशी बसतात, तेथे औषधे मिळतात का, आशाताईंना याबाबतचे प्रशिक्षण झाले आहे का, हे लेखी विचारून मिळालेली माहिती १४४१६ या क्रमांकासह पंचायतीच्या फलकावर लावावी. संकटात असलेल्या कुटुंबांची यादी मात्र फलकावर किंवा ग्रामसभेत कदापि येऊ नये. आशाताईंनी त्या घरी शांतपणे जाऊन बसणे आणि गरज वाटल्यास त्या व्यक्तीसोबत तालुक्याला जाणे हाच योग्य मार्ग आहे, आणि त्या प्रवासाचा खर्च समितीने अवश्य करावा.

जाता जाता आणखी एक. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कीटकनाशक फवारणीतून झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले होते. कपाशीवर फवारणी सुरू होण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात अॅट्रोपिनसारखी औषधे पुरेशी आहेत ना, हे समितीने दरवर्षी विचारावे.

प्रश्न : आम्ही अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुक्यातील आहोत. आमच्या भागात पूर्वी आरोग्य सेवांवर जनसुनवाई होत असे. ग्रामसभेला स्वतःहून अशी सुनवाई घेता येईल का?

उत्तर : घेता येईल, आणि आपला अधिकार इतरांपेक्षा अधिक भक्कम आहे. लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया महाराष्ट्रात २००७ मध्ये ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. गावकरी सेवांची पाहणी करून हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांत गावाचे प्रगतिपत्रक भरीत आणि जनसुनवाईत अधिकारी लोकांसमोर उत्तरे देत. त्यातली पाहणीची पद्धत ग्रामसभेला आजही वापरता येईल.

धारणी आणि चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्याने तेथे १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा, लागू आहे. सर्व सामाजिक क्षेत्रांतील संस्था व कर्मचारी यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला आणि योग्य त्या स्तरावरील पंचायतींना असावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तरीही ग्रामीण रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांना केवळ ठराव करून गावात बोलावता येईल असे समजू नये. त्यांच्यासाठी जिल्हा शल्य चिकित्सकांना मुद्दे नमूद करून आगाऊ पत्र द्यावे. मुद्दे मोजकेच घ्यावेत. बालमृत्यूचा विषय आला तर रुग्णवाहिका किती वेळात आली, पुढे पाठवल्यावर दाखल करून घेतले का, पोषण आहार मिळत होता का, हे विचारावे. आईला सर्वांसमोर उभे करून तिच्याकडून हकिगत वदवून घेऊ नये. उपचार योग्य होता की नव्हता, हेही ग्रामसभेने ठरवू नये. ती चौकशी वैद्यकीय अधिकाऱ्यांनीच करायची असते. ती झाली का आणि तिच्यानंतर व्यवस्थेत काय बदलले, हे विचारण्याचा अधिकार मात्र ग्रामसभेने सोडू नये.