खडकांच्या थरांमध्ये आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता, हे कसं ओळखतात?

तुमच्या राळेगावकडच्या विहिरीत वर काळा दगड, मग हातभर लाल माती आणि खाली पुन्हा काळाच दगड लागला. यातलं आधीचं काय, हे यंत्राशिवाय कसं कळतं, असा तुमचा प्रश्न आहे. मी भूशास्त्राकडे वळले ती अशाच एका विहिरीमुळे. आमच्या वावरात विहीर खोदताना लाल माती वर येऊ लागली, तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "पोरी, एवळ्या खाली माती कुठून आली वं?" मी बारावीत होते, मला सांगता आलं नव्हतं.

थर उलटेपालटे झाले नसतील तर खालचा आधीचा, वरचा नंतरचा. निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने हे १६६९ मध्ये मांडलं. पण काळ्या दगडाच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. हा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. तो जमिनीवरून वाहत आला असेल तर फक्त त्याच्या खालची माती भाजते. तोच रस जमिनीच्या पोटात दोन थरांच्या मध्ये घुसला असेल, तर वरचा आणि खालचा असे दोन्ही थर भाजतात. मग वर दिसणारा थर त्या दगडाहून जुना निघतो! म्हणून आम्ही दगडापेक्षा आधी सांधा, म्हणजे दोन थर जिथे एकमेकांना टेकतात ती कड, बघतो.

लाल थराला हात लावून बघा. वरच्या कडेला तो बऱ्याचदा विटेसारखा टणक लागतो. खाली बोटं सरकवली की तो भुसभुशीत होत जातो आणि मग नकळत खालच्या कुजलेल्या दगडात मिसळतो. त्या दगडाच्या माथ्यावर बुडबुड्यांची भोकं असतात, पुष्कळदा पांढऱ्या खनिजाने भरलेली. म्हणजे पहिला लाव्हा थिजला, ऊन-पावसाने त्याची माती झाली आणि तिच्यावर दुसरा लाव्हा आला. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. ती माती वरून खाली गेलीच नव्हती, त्या काळी तीच जमीन होती. नागपूरजवळच्या टाकळीला तर अशाच दोन लाव्ह्यांमधल्या गाळात स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यांना १९ व्या शतकात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख मिळाले. तिथे मधल्या काळात तळं साचलं होतं.

दुसरी खूण मला फार आवडते. चंद्रपूरच्या बाजूला, पैनगंगेच्या पात्रात इरईजवळ चुनखडीवर समांतर ओरखडे आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हिमनदीने दगडगोटे घासत नेले, त्याचे ते. ओरखडा उठायला दगड आधी तयार हवा, म्हणून चुनखडी हिमनदीच्या आधीची. भेग थराला कापून गेली असेल तर तिथेही हाच हिशोब, कापला गेलेला थर आधीचा.

लांबलांबचे थर जुळवायला जीवाश्म लागतात. वणी-उमरेडच्या कोळशासोबतच्या खडकांत ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झालेल्या वनस्पतीची पानं मिळतात. ती दिसली की तो थर आपल्या काळ्या दगडाच्या कितीतरी आधीचा, हे तिथल्या तिथे कळतं. या सगळ्यातून फक्त क्रम लागतो. काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, हा आकडा मात्र किरणोत्सारी मूलद्रव्यं मोजून काढलेला आहे.

तुमच्या विहिरीला झरा फुटायच्या आत, कमरेला दोर बांधून आणि वर दोन माणसं उभी करून उतरा. लाल थराच्या दोन्ही कडांचे जवळून फोटो घ्या. पाणी चढलं की सांधा दिसणार नाही.