वाचकांचे प्रश्न: पन्नाशीच्या भेटीला किती पैसे घालावेत?

प्रश्न: उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. हातात महिन्याला ₹४२,००० येतात, घरखर्चाला ₹३१,००० जातात. सोसायटीत अडीच लाखांची ठेव आहे. मुलगी इंजिनिअरिंगला, पुढच्या वर्षाची फी ₹७०,०००. आठ महिन्यांनी मिसेसना पन्नास पूर्ण होतात. साडूनं त्यांच्या मिसेसना चार तोळ्यांचा पोहेहार केला, तेव्हापासून घरात कुणी काही बोलत नाही, पण मला कळतंय. दोन तोळ्यांच्या पाटल्या कराव्यात असं मनात आहे. दोन लाखांत बसतील ना? कमी पडले तर कर्ज काढू का?
(वाचक, अनगोळ)

उत्तर: नाही बसत. गणिताला सोपं जावं म्हणून २२ कॅरेटचा दर ग्रॅमला ₹१०,००० धरू. तुम्ही त्या दिवशीचा दर घालून हेच गणित करा. २० ग्रॅम सोन्याचे झाले ₹२,००,०००. पाटीवरचा दर इथंच संपतो. त्यावर घडणावळ १२ टक्के धरली तर ₹२४,०००. या दोन्हींच्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ₹६,७२०. हॉलमार्कचे नगामागे ₹४५ आणि त्यावर १८ टक्के कर, दोन पाटल्यांचे शंभरेक रुपये. बिल झालं ₹२,३०,८२६. वरच्या ३० हजारांचं सोनं येत नाही. उद्या त्याच पाटल्या मोडायला नेल्या तर घडणावळ आणि कर कुणी परत देत नाही.

म्हणून आधी रक्कम ठरवायची आणि तिच्यावरून मागं येत वजन काढायचं. बिलाची रक्कम १.०३ नं भागा, आलेल्या आकड्याला १.१२ नं भागा, मग ग्रॅमच्या दरानं भागा. एक लाखाचं बिल हवं असेल तर याच दरानं साडेआठ ग्रॅमच्या थोडं वर सोनं येतं, दहा ग्रॅम नाही. आणि ‘तोळा’ म्हणजे किती तेही विचारून घ्या. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज दुकानात बोलतात तो दहाचा. साडूंचे चार तोळे कुठले, हे आपल्याला माहीत नाही, आणि त्याची गरजही नाही.

आता तुमची रक्कम. ठेव अडीच लाखांची दिसते, पण ती मोकळी नाही. सहा महिन्यांचा घरखर्च ₹१,८६,००० बाजूला काढला की उरले ₹६४,०००, आणि फीच ₹७०,००० आहे. म्हणजे ठेवीतून भेट द्यायला काहीच शिल्लक नाही. राहिले महिन्याचे ₹११,०००. आठ महिन्यांचे ₹८८,००० होतात, पण त्यातले निम्मे सोडून द्या, कारण आठ महिन्यांत एखादं लग्न, एखादा दवाखाना, गाडीचा एखादा टायर येतोच. तुमचा आकडा ₹४४,०००. आमच्या मते हा आकडा कमीपणाचा नाही. फीच्या आधी पाटल्या आल्या तर त्या हातात घालताना मिसेस पहिला प्रश्न फीचाच विचारतील.

कर्जाचं थोडक्यात: सोनं विकत घ्यायला बँकांनी कर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि क्रेडिट कार्डावर घेतलेला दागिना हप्त्यांत बदलून मिळत नाही. राहतं ते पर्सनल लोन. एक लाख १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ₹४,८०० आणि व्याज ₹१५,२०० च्या आसपास. घडणावळ, कर आणि वर हे व्याज, म्हणजे सोनं सोडून तीन ठिकाणी पैसे गेले. नका काढू.

₹४४,००० मध्ये वरच्या हिशेबानं ३.८ ग्रॅम सोनं बसतं. एवढ्यात पाटल्या होत नाहीत. कुणी ‘पोकळ करून देतो’ म्हणेल; पोकळ पाटलीला पोचा पडला की तो नीट निघत नाही, आणि रोज भांडी घासणाऱ्या हाताला पोचा पडणारच. तेवढ्यात कुड्या मात्र चांगल्या होतात. मोत्याच्या घेत असाल तर बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन असे दोन आकडे वेगळे लिहून घ्या. मोत्याचं वजन सोन्याच्या भावानं लावलं जाणं ही नेहमीची चूक आहे, दरवेळी मुद्दाम होते असंही नाही. साज, लाखेचे मणी असल्या दागिन्यांत लाखेचंही तेच. नगावर तीन खुणा बघा: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, २२ कॅरेटचा ९१६ हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा ओळख क्रमांक. कुडीच्या दांडीवर तो इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही; दुकानदाराकडून भिंग मागून घ्या आणि ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तिथंच पडताळा. ॲपवर दागिन्याचा प्रकारही येतो. हातात कुड्या आणि पडद्यावर अंगठी दिसली तर बिल करू नका. दोन ग्रॅमच्या आतल्या नगाला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे कुड्यांच्या जोडीत प्रत्येक नगाचं वजन वेगळं विचारा. ३.८ ग्रॅमची जोडी म्हणजे एक कुडी दोनच्या आतच आली, तेव्हा हॉलमार्क केलेलीच दाखवा असं आधी सांगा.

पाटल्याच हव्या असतील तर एक वाट आहे. मिसेसच्या डब्यात तुटकी साखळी, एकच राहिलेलं कानातलं असली मोड असते. पण ती त्यांची आहे. ती घालून केलेला दागिना तुमची भेट म्हणून मोजायचा नाही, आणि न विचारता ती मोडीत काढायची तर अजिबातच नाही. त्यांनी होय म्हटलं तर कॅरेट मीटरवर एकाच जागी मोजू देऊ नका. जुन्या दागिन्यात सांध्यांना झाळ असते, तिथं शुद्धता कमी दाखवते. शेवटचा आकडा वितळवल्यावरचा. नव्या नगाचा जीएसटी मोड वजा करून नाही, पूर्ण किमतीवर लागतो, हेही आधीच धरा. एका खरेदीत दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख सराफाला घेता येत नाही.

मापासाठी मिसेसच्या हातातली काचेची बांगडी चोरून नेतात आणि तिथंच फसतात. काचेची बांगडी कासार हात दाबून चढवतो, ती घट्टच असते. पाटली रोज काढायची-घालायची. बांगडी पट्टीवर आडवी ठेवून आतला व्यास मोजा: ५७ मिलिमीटर म्हणजे दोन-चार, ६० म्हणजे दोन-सहा, ६३.५ म्हणजे दोन-आठ. पाटली त्याहून एक माप मोठी सांगा.

आणि गुपित ठेवायचंच असेल तर वस्तूचं ठेवा, रकमेचं नको.

प्रश्न: ह्यांना कार्तिकात साठ पूर्ण होतात, एकसष्टी करायची आहे. गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे ₹२,००० मी हात न लावता ठेवलेत, शिवणकामाचे धरून ₹६०,००० झालेत. मुलं म्हणतात हॉल घेऊन दोनशे माणसं बोलावू. केटरर ताटाला ₹२५० सांगतो. मला माझ्याकडून ह्यांना काहीतरी द्यायचं आहे. ह्यांना शुगर आहे. किती घालू?
(वाचक, निपाणी)

उत्तर: दोनशे ताटं म्हणजे ₹५०,०००, आणि हॉलचं भाडं, गुरुजींची दक्षिणा, फेटे, फोटोवाला अजून बाकीच आहेत. तुमचे साठ हजार जेवणातच जातील. कार्यक्रम मुलांना हवा आहे तर तो मुलांच्या खिशातून होऊ द्या. तुम्ही भेटीला १५ ते २० हजार घाला. उरलेले तुमच्या नावावरच राहू देत. घरात तुमच्या एकटीच्या नावाचा पैसा बहुतेक तेवढाच असणार.

तुमच्या भागात पहिलं सुचतं ते कोल्हापुरी चप्पल. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्या बरोबरीनं बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजयपूर हे जिल्हेही आहेत, त्यामुळे अथणीचा जोडही तितकाच अस्सल. पण शुगर असलेल्या माणसाला ती देताना थांबा. पायातली चप्पल निसटलेली त्यांना कळत नसेल, खडा टोचलेला कळत नसेल, तर कडक चामडं नको. अंगठ्याजवळ घासून फोड होतो आणि तो दिसेपर्यंत चिघळतो. अशांना एमसीआर (बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या) सोलची चप्पल बरी. पायाला संवेदना नीट असेल तर माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.

आमची पसंती डोळ्यांच्या पूर्ण तपासणीला आणि चष्म्याला आहे. शुगर असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासायचाच असतो, तो यानिमित्तानं होईल. प्रोग्रेसिव्ह काच (लांबचं आणि वाचायचं एकाच काचेतून) घेत असाल तर ही भेट गुपचूप देता येत नाही: फ्रेम त्यांच्या नाकावर बसवून बुबुळाची उंची मोजावी लागते. दुसऱ्याच्या अंदाजानं मापं दिली की वाचायचा भाग खाली सरकतो आणि माणूस मान वर करकरून पेपर वाचतो. पहिले आठ-दहा दिवस जिन्याच्या पायऱ्या हलल्यासारख्या वाटतात, ते आधी सांगून ठेवा, नाहीतर चष्मा कपाटात जातो.

घरच्या घरी ६१ दिव्यांचं औक्षण करा, त्याला फारसा खर्च नाही. दिव्याला २० ग्रॅम मळलेली कणीक, म्हणजे ८०० ग्रॅम पीठ पुरतं. प्रत्येकात चमचाभर तूप धरलं तर ३०० मिली. दिवे वाफवून घेतले की चिरत नाहीत. एकाच परातीत एकसष्ट लावू नका, मधल्या वाती एकमेकींना पकडतात आणि परात हातात धरवत नाही. दोन पराती, दोन सुना.

प्रश्न: सराफाच्या योजनेत महिना ₹४,००० प्रमाणे ११ महिने भरायचे, बारावा हप्ता ते घालतात. बायकोच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी तिथं भरू की पिग्मीत?
(वाचक, खानापूर)

उत्तर: अकराच महिने का, हे कळलं की बाकीचं कळतं. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात बदलली नाही तर कायद्याच्या नजरेत ती ठेव होते, आणि ठेवी घ्यायची परवानगी सराफाला नसते. म्हणून शेवटी रोख परत मागता येत नाही, दागिनाच घ्यावा लागतो.

तुमचे ₹४४,००० आणि त्यांचे ₹४,०००. कागदावर हे बँकेपेक्षा चांगलं दिसतं. पण ते चार हजार कधी फक्त घडणावळीतली सूट म्हणून मिळतात, नाण्याला लागू नसतात, आणि योजनेतल्या नगांची घडणावळ १२ ऐवजी १८ टक्के असली तर ₹४०,००० च्या सोन्यावर ₹२,४०० तिथंच परत गेले. भरण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या: दरमहा रुपये साठतात की त्या दिवसाच्या दरानं ग्रॅम, आणि घडणावळीचा टक्का किती. आठ-दहा महिन्यांत दर चढला तर रुपये साठवणाऱ्याचं वजन घटतं. ग्रॅमवाली योजना त्यातून वाचवते. दुकान बंद पडलं तर तुम्ही रांगेतले एक घेणेकरी, विमा काही नाही.

पिग्मीवाला दारात येतो ही तिची खरी सोय. मात्र सोसायटीतल्या पिग्मीला बँकेसारखं पाच लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण नसतं, आणि मुदतीआधी मोडली तर कापून देतात. आमचं मत बँकेच्या आवर्त ठेवीला, म्हणजे आरडीला. अकरा महिन्यांनी सोनं नकोसं वाटलं तर पैसा मोकळा असतो.

प्रश्न: बजेट दहा हजार. पैठणी घेऊ की इरकल? बायको मूळची धारवाडकडची.
(वाचक, हिंदवाडी)

उत्तर: दहा हजारांत हातमागाची भरजरी पैठणी मिळणं कठीण, मिळते ती बहुधा यंत्रमागाची. त्याच पैशांत हातमागाची रेशमी इरकल आणि वर कशिदा होतो, आणि माहेरची ओळख निघते ती वेगळीच. बघताना पदराचा सांधा उलटून बघा: अंगाचे आणि पदराचे ताणे एकमेकांत फासे घालून जोडलेले असतात, याला टोपे तेणी म्हणतात. सलग विणलेल्या साडीवर लाल पदर नुसता रंगवून काढलेला असेल तर तो फासा दिसणार नाही. रेशमाची खात्री करायला काठाचा एक सुटा धागा जाळा. केस जळल्यासारखा वास आणि चुरडणारी राख म्हणजे रेशीम, गोळी झाली तर पॉलिस्टर. कशिदा उलट्या बाजूनंही तपासा. गवंती आणि मुर्गी हे टाके दोन्हीकडून सारखेच दिसतात आणि गाठ कुठं नसते. मागं दोऱ्यांचं जाळं आणि चिकटवलेला कागद दिसला तर ते मशीनचं भरतकाम आहे, त्याचे पैसे मशीनच्या हिशेबानंच द्या. हातचा कशिदा धागे मोजून घालतात, पदरभर कामाला आठवडे लागतात. ऑर्डर दोन महिने आधी द्या आणि ब्लाऊजचं कापड तेव्हाच वेगळं काढून ठेवायला सांगा.