बिग बँग थिअरी ११ वर्षांच्या मुलीला दाखवू का? (जरा लांबलचक उत्तर)

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी ११ ची, सहावीत, यंग शेल्डन (शेल्डन नावाच्या हुशार पोराच्या लहानपणाची अमेरिकन मालिका) बघून संपवलं आणि आता बिग बँग थिअरी (तोच शेल्डन मोठा झाल्यावरची विनोदी मालिका) लावा म्हणून मागे लागलीय, तुम्ही दहा मिनिटं बघून बंद केलंत, मिस्टर म्हणतात तिला काय कळतंय त्यातलं, आणि सासूबाई म्हणतात त्यापेक्षा तारक मेहता लावा. आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय, थोरला आता १७ चा आणि धाकटी १२ ची, म्हणून बोलतो.

पहिली गंमत सांगू का, यंग शेल्डन तिने अख्खं बघितलंय म्हणता, म्हणजे शेल्डनच्या थोरल्या भावाच्या, जॉर्जीच्या, मैत्रिणीला दिवस जातात ते बघितलं, आईबाबांची धुसफूस बघितली, शेवटी वडील जातात तेही बघितलं. नऊ वर्षांचा पोरगा मधे दिसतो म्हणून आपण ती मुलांची मालिका समजतो आणि बिनधास्त किचनमध्ये जातो. तशी मालिका चांगलीच आहे, पण मुलांसाठी केलेली ती नव्हेच. तेव्हा ती आता नवीन काहीतरी भयंकर बघणार असं नाही, बरंच बघून झालंय.

बिग बँगमध्ये फरक कुठे पडतो तर हसण्यात. यंग शेल्डनमध्ये मागून हसण्याचा आवाज नाही, इथे दर दोन वाक्यांना लोक हसतात. आमची आई एकदा सोफ्यावर बसून म्हणाली, "हे कोण हांसतात रे?" आम्ही तेव्हा हसलो पण म्हातारीने नेमकं बोट ठेवलं होतं बघा. तो आवाज पोरांना सांगतो की इथे हसायचं, आणि पोरं हसतात, जोक कळो न कळो. म्हणून मिस्टरांचं अर्धं बरोबर, डबल मीनिंग बरंचसं डोक्यावरून जातं. पण कोणावर हसायचं ते मात्र पक्कं कळतं, ते डोक्यावरून जात नाही.

सुरुवातीच्या सीझनमध्ये शेल्डनचा मित्र हॉवर्ड दिसेल त्या बाईच्या मागे लागतो आणि त्याचा जोक होतो, पाचव्या सीझनच्या शेवटी त्याचं लग्न होतं, तोपर्यंत तो बराच माणसात आलेला असतो. दुसरा मित्र राज, त्याला दारू प्यायल्याशिवाय बाईशी बोलताच येत नाही, हे सहा सीझन चालतं. आणि त्या मित्रांत तो एकटाच आपल्याकडचा, भारतीय. गोव्यातल्या पोरांना हे जास्त लागतं असं मला वाटतं, कारण हिंदी कॉमेडीत गोंयकार आला की हातात बाटली आणि तोंडात "क्या मॅन" ठरलेलं. धाकटीने एकदा विचारलं, "बाबा, आपण कधी असं बोलतो?" त्या दिवशी तिला जेवढं कळलं तेवढं माझ्या लेक्चरने कधी कळलं नसतं.

आता सासूबाईंचा तारक मेहता. २००८ पासून चालू आहे, शिवी नाही, कपडे व्यवस्थित, सगळं घर एकत्र बसतं, मान्य. पण जेठालाल शेजाऱ्याच्या बायकोला बघून विरघळतो हा जोक किती वर्षं चाललाय? पोपटलालचं लग्न जमत नाही हा जोक, डॉक्टर हाथी जाडा आणि खादाड हा जोक. बंद करा म्हणत नाही मी, आम्हीपण बघतो, फक्त तिकडे दहा मिनिटांत बंद आणि इकडे डोळे झाकून चालू असं नको.

माझी चूक सांगतो. थोरला नऊ-दहाचा असताना एका विनोदी मालिकेत (नाव जाऊ दे) तोतरं बोलणारा एक माणूस होता, पोरगा त्याची नक्कल मस्त करायचा आणि पाहुणे आले की मीच करून दाखव म्हणायचो. आमचा पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, जरा अडखळतो बोलताना. एके सकाळी यानं पाव घेता घेता त्याच्यासमोरच केली. दोन दिवस त्याचा पोंपों (भोंगा) आमच्या दारात वाजलाच नाही, सरळ पुढच्या घरी. तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन पोरालाच रस्त्यावर उभा केला, काय बोलला माहीत नाही, पण पाव आणले.

आणि बाईच्या वेशातला पुरुष हा टीव्हीवरचा हुकमी जोक, साडी नेसून आला की हशा. आमचा गाव पेडण्याकडे, दहिकाल्याला, म्हणजे दशावतारी नाटकाला, पोरं पुढे बसतात, त्यातल्या संकासुर राक्षसाची लाल जीभ बघून घाबरतात पण आणि हसतात पण. पण राणीचं काम करणारा पुरुषच असतो ना, त्याला कोणी हसत नाही, म्हाताऱ्या डोळे पुसतात. पोरांना दोन्ही बघू दे, मग आपोआप विचारतात.

रेटिंगचं विचारलंय. २०२१ च्या नियमांपासून ओटीटीवर यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए अशी पाटी असते, १३+ आणि वरच्याला पॅरेंटल लॉक द्यावं लागतं, ते लावाच, पिन मात्र तिच्या वाढदिवसाची ठेवू नका. केबलवरच्या मालिकांना अशी वयाची पाटी दिसत नाही. आणि पाटीवर शिव्या, दारू, सेक्स एवढं कळतं, कोणाची टर उडवतात ते तुम्हालाच बघावं लागतं.

मी तुमच्या जागी असतो तर पहिले सीझन सोडून मधूनच चालू केलं असतं, आधी एक एपिसोड स्वतः बघून, पायलट म्हणजे पहिला नव्हे, मधला कुठलातरी. मग तिच्या बाजूला बसून. एखाद्या जोकवर ती खूप हसली की विचारायचं, मला नाही कळला, सांग ना. सांगता नाही आला तर वरून गेला, काळजी नको. नीट सांगितला तर तुम्हाला कळतं तिला काय काय माहीत आहे, तेव्हा चेहरा सरळ ठेवा फक्त, एकदा ओरडलात की पुढच्या वेळी "काय नाही गं" म्हणेल. सरसकट बंदी मी थोरल्यावर घालून बघितली, ट्यूशनच्या मित्राच्या मोबाईलवर बघून आला, तेही तुकडे तुकडे रील्समध्ये, जिथे मागचं पुढचं काहीच नसतं.

आणि हो, चतुर्थीला मूळ घरी सगळी भावंडं एका खोलीत असतात आणि मोठी माणसं नेवऱ्या (करंज्या) तळण्यात नाहीतर आरत्यांत, तेव्हा रिमोट सगळ्यात मोठ्या चुलतभावाकडे असतो. त्याच्याशी आधी बोलून ठेवा.