सुटलेलं उत्तर सोडून देण्याचा सराव

‘मॅडम, वाचलं की सगळं कळतं, पण ऐकायला लागलं की डोकं बंद पडतं.’ आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांकडून हे वाक्य मी सतत ऐकते. त्यापाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं असतं: ‘मी मराठी माध्यमातली ना, म्हणून.’ या दुसऱ्या वाक्यावर माझा विश्वास नाही. का नाही, ते एका सिस्टरांच्या अनुभवातून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे सिस्टरच म्हणते, वॉर्डातही सगळे त्यांना तशीच हाक मारतात.

सिस्टर मिरजेच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात काम करतात. बीएस्सी नर्सिंग झालेलं, गाठीशी बऱ्याच वर्षांचा अनुभव. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून काम करायचं तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे नोंदणी लागते, आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएस दिली तर ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत प्रत्येकी 7 आणि लेखनात 6.5 बँड, म्हणजे या परीक्षेतली गुणश्रेणी, हवा. सिस्टरांचं वाचन 7 वर पोचलं होतं. ऐकण्याचा काटा मात्र 6 वरून हलत नव्हता. सराव परीक्षेत चाळीसपैकी कधी 23, कधी 25 उत्तरं बरोबर. 7 बँडला साधारण 30 लागतात.

रात्रपाळी करून घरी यायचं, मुलीचा डबा भरायचा आणि झोपायच्या आधी एक अख्खी टेस्ट सोडवायची, असा त्यांचा दिनक्रम होता. टेस्ट झाली की गुण मोजायचे, जीव खट्टू करून घ्यायचा आणि वही मिटायची. सासूबाई म्हणायच्या, ‘किती दिवस कानात बोंडं घालून बसणार आहेस?’ त्यात वाईट हेतू नव्हता, पण सिस्टरांना ते लागायचं. माझ्याकडे आल्या तेव्हा त्या परीक्षेचा नाद सोडायच्या बेतात होत्या.

मी त्यांना म्हटलं, ‘गुण राहू देत. सोडवलेले पेपर घेऊन या.’

गुण सगळ्यांनाच पाठ असतात, पण चुका नेमक्या कुठे पडतात हे फारसं कुणी बघत नाही. सिस्टरांचे पेपर टेबलावर पसरले तर चुका विखुरलेल्या नव्हत्याच, त्यांचे पुंजके होते. एका पेपरात पहिली दहा उत्तरं चोख, अकरावंही बरोबर. बाराव्याच्या जागी खोडरबराने कागद विरेपर्यंत घासलेलं. तेरा, चौदा, पंधरा कोरी. सोळापासून गाडी पुन्हा रुळावर. दुसऱ्या पेपरात हाच प्रकार सत्तावीसपासून तीसपर्यंत.

मी बाराव्या प्रश्नावर बोट ठेवलं. ‘इथे काय झालं?’

‘फिफ्टीन म्हणाला की फिफ्टी, ते कळलं नाही. विचार करत राहिले. तोवर तो पुढे निघून गेला.’

‘मग एक लिहून पुढे का नाही गेलात?’

‘खात्री नसताना कसं लिहायचं, मॅडम?’

या एका उत्तरात सगळी गाठ होती. रात्री डॉक्टर फोनवरून औषध सांगतात तेव्हा सिस्टर ते लिहितात आणि पुन्हा वाचून दाखवतात. पंधरा की पन्नास असा गोंधळ होऊ नये म्हणून ‘वन फाइव्ह’ असे आकडे सुटे करून विचारतात. खात्री झाल्याशिवाय इंजेक्शनला हात लावत नाहीत. तिथे अडून बसणं हेच बरोबर आहे. परीक्षेत मात्र उलटून विचारायला कुणी नसतं. ध्वनिमुद्रण एकदाच वाजतं, सुमारे अर्ध्या तासात चार भाग आणि 40 प्रश्न संपतात. म्हणजे ज्याला सिस्टर आपलं अज्ञान समजत होत्या, ती त्यांच्या कामातली सर्वांत चांगली सवय होती. ती मोडायची गरज नव्हती, फक्त अर्धा तास बाजूला ठेवायला शिकायचं होतं.

हे ऐकून त्यांना बरं वाटलं. पण बरं वाटल्याने गुण वाढत नाहीत. म्हणून आम्ही ‘सोडून देण्याचा’च सराव ठरवला.

रोजची अख्खी टेस्ट बंद केली. त्याऐवजी एकच भाग, तोही झोप झाल्यावर. ध्वनिफीत चालू असताना मुलीने मनात येईल तेव्हा ताटावर चमचा वाजवायचा. त्या आवाजात जे उत्तर बुडेल तिथे सिस्टरांनी आडवी रेघ मारायची, पेन्सिलीचं टोक लगेच पुढच्या प्रश्नावर ठेवायचं आणि त्यातला मुख्य शब्द डोळ्यांनी धरायचा. मागे बघायचं नाही. या परीक्षेत एका भागातली उत्तरं प्रश्नांच्या क्रमानेच येतात, त्यामुळे पुढचा प्रश्न हातात असेल तर माणूस पुन्हा धाग्यावर येतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून रेघेच्या जागी शेवटी अंदाजाने काहीतरी लिहायचंच. मुलीला हा खेळ फार आवडला. सिस्टरांचे पहिले काही दिवस चिडचिडीत गेले, मग हात आपोआप पुढे सरकायला लागला.

सरावाचा दुसरा अर्धा भाग उत्तरं तपासल्यानंतरचा. तो बहुतेक जण गाळतात आणि सगळी कमाई तिथेच असते. चुकलेली जागा पुन्हा ऐकायची, आधी संवादाचा छापील मजकूर न बघता, मग तो समोर ठेवून आणि शेवटी बोलणाऱ्याबरोबर स्वतः मोठ्याने म्हणत. सिस्टरांनी असं केलं तेव्हा त्यांना जाणवलं की सुटलेल्या शब्दांत एकही अनोळखी नव्हता. ‘कॅन’, ‘हाफ पास्ट’, ‘डबल फोर’ असलेच सगळे. कधी बोलणारा आधी मंगळवार म्हणतो आणि लगेच ‘नाही, बुधवार’ अशी दुरुस्ती करतो, तिथे त्यांनी घाईने मंगळवार लिहून टाकलेला. ही फसवणूक मुद्दाम पेरलेली असते. पहिला आकडा किंवा पहिला वार ऐकला की हात उचलायचा, पण वाक्य संपेपर्यंत लिहायचं नाही, हे एकदा अंगवळणी पडलं की अशा चुका झपाट्याने कमी होतात.

आता मराठी माध्यमाबद्दल. आपण मराठीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचं वजन देतो. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस एका अक्षरावर जोर देतो आणि आजूबाजूची बारीक अक्षरं गिळतो. ‘फिफ्टी’चा जोर पहिल्या भागावर, तर ‘फिफ्टीन’मध्ये ‘टीन’ला वजन. ‘कॅन’ बहुतेक वेळा ‘क्न’ एवढाच उरतो, आणि ‘कान्ट’ मात्र लांब आणि ठसठशीत येतो. आपला कान प्रत्येक अक्षराची वाट बघत बसतो आणि तेवढ्यात वाक्य निघून जातं. पण इंग्रजी माध्यमाच्या शाळांतही बाई इंग्रजी आपल्याच ठेक्यात बोलतात. माझ्याकडे नामांकित इंग्रजी शाळांतून आलेली मुलंही नेमकी इथेच अडखळतात. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकेचे असे उच्चार कानावर पडले नसतील तर ते सगळ्यांनाच नवे असतात, आणि ऐकून ऐकून ते सगळ्यांनाच येतात. बीबीसी लर्निंग इंग्लिशवर मजकुरासह छोटे कार्यक्रम मिळतात, रोज एक पुरतो. इंग्रजी मालिका खालची अक्षरं लावून तासन्‌तास बघण्याचा मात्र फार उपयोग होत नाही. डोळे वाचत राहतात आणि कानाला काम उरत नाही.

हा उपाय सरसकट सगळ्यांसाठी नाही, हेही सांगायला हवं. सराव परीक्षेत पंधरा-सोळाच उत्तरं बरोबर येत असतील आणि पेपरात पुंजके नसून चुका सगळीकडे असतील, तर परीक्षेची तारीख पुढे ढकला आणि आधी भाषा शिका. टेस्टवर टेस्ट सोडवून भाषा येत नाही. मराठीतही समोरच्याला ‘काय म्हणालात?’ असं वरचेवर विचारावं लागत असेल, तर एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवून श्रवणचाचणी करून घ्या. आणि रात्रपाळी करणाऱ्यांनी न झोपता सराव करू नये. थकल्या मेंदूने सोडवलेल्या पेपरातले गुण तुमच्या इंग्रजीबद्दल काहीच सांगत नाहीत, तुमचा आत्मविश्वास तेवढा खातात. घरच्यांनी हा सराव म्हणजे छंद समजू नये, ही माझी कळकळीची विनंती. रोज अर्धा तास दार लोटून घ्यायला मिळालं तरी खूप होतं.

सिस्टरांनी संगणकावरची परीक्षा निवडली, कारण तिथे हेडफोन मिळतो आणि हॉलमधल्या स्पीकरवर विसंबावं लागत नाही. त्यात उत्तरं थेट टाइप करायची असतात आणि शेवटी तपासायला दोनच मिनिटं मिळतात. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवायला दहा मिनिटं असत, त्या हिशेबाने तयारी केलेला माणूस इथे गडबडतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात त्यांनी भावाच्या लॅपटॉपवर टाइप करत सराव केला. स्पेलिंग चुकलं तर उत्तर चूक धरतात, ही धास्तीही त्यामुळे कमी झाली.

परीक्षा संपल्यावर त्यांचा फोन आला. ‘मॅडम, दोन-तीन सुटले. पण तेवढेच सुटले.’

निकालात ऐकण्याला 7.5 मिळाले. लेखनात अर्ध्या बँडने कमी पडल्या, तेव्हा पुन्हा बसणं आलंच. पण या खेपेला परीक्षेचा नाद सोडण्याचा विषय त्यांनी काढला नाही, लेखनासाठी चांगले शिक्षक कोण आहेत तेवढं विचारलं. मी दोन नावं दिली आहेत. सध्या रात्रपाळी नसेल त्या दिवशी एक निबंध लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेत आहेत.