धूर तपासणीची सक्ती आणि आपले स्वातंत्र्य

प्रश्न : माझी दुचाकी २०१४ सालची असून तिची देखभाल मी वेळच्या वेळी करतो. तरीही मला दर सहा महिन्यांनी पीयूसी, म्हणजे धूर तपासणीचे प्रमाणपत्र, काढावी लागते. शेजाऱ्यांच्या नव्या मोटारीला मात्र ती वर्षातून एकदाच लागते. मागच्या खेपेस तर केंद्रावरील मुलाने सायलेन्सरमध्ये नळी न घालताच, केवळ नंबरप्लेटचा फोटो काढून प्रमाणपत्र हाती ठेवले. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीवर ही सक्ती म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच नव्हे काय?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : मुदतीचा भेद गाडी धुराच्या कोणत्या मानकाची, म्हणजे कोणत्या ‘भारत स्टेज’ची (बीएस) आहे यावर ठरतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार बीएस-४ आणि त्यापुढच्या वाहनांचे प्रमाणपत्र वर्षभर चालते, त्याआधीच्या वाहनांचे सहा महिने. तुमची गाडी बीएस-३ असणार.

राहिला स्वातंत्र्याचा प्रश्न. संविधानाचा अनुच्छेद १९ संचाराचे स्वातंत्र्य देतो, पण सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही तोच देतो. शिवाय प्रदूषणमुक्त हवा हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात म्हटले आहे. गाडी तुमची हे खरे. परंतु द्वारका चौकात सिग्नलला तुमच्या मागे ताटकळणाऱ्याच्या नाकात जाणारा धूर तुमच्या खासगी मालकीचा राहत नाही. म्हणून तपासणीची सक्ती मला गैर वाटत नाही.

तुमची खरी तक्रार नळीची आहे, आणि ती रास्त आहे. प्रदूषणाची मर्यादा मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगणाऱ्या शासनाने तपासणी तरी खरी करून द्यायला हवी. पेट्रोल दुचाकीच्या या चाचणीत कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन एवढेच मोजतात, सूक्ष्म धूलिकण मोजतच नाहीत. म्हणजे मुळात तोकडी असलेली चाचणीही तुमच्या वाट्याला आली नाही. न तपासता दिलेला कागद हा निर्बंध नव्हे, निव्वळ वसुली आहे. पुढच्या वेळी नळी घालण्याचा आग्रह धरा. आकडे मर्यादेबाहेर गेल्यास कारणासह नापसंतीची चिठ्ठी मिळते. ती गॅरेजवाल्याला दाखवता येते. झाल्या प्रकाराबद्दल प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख देऊन प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी तक्रार करा व तिची पोच घ्या.