बाबांची अ‍ॅसिट्रॉम बंद करून नवी गोळी सुरू करावी का?

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वडील ७४ वर्षांचे, वजन ५२ किलो, निफाडजवळ द्राक्षबाग, अजून रोज बागेत जातात. हृदयाचे ठोके अनियमित पडतात, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणून गुठळी होऊन पक्षाघात येऊ नये यासाठी बरीच वर्षं रक्त पातळ करणारी अ‍ॅसिट्रॉम चालू. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी, २ ते ३ च्या मध्ये हवी) कधी १.४ तर कधी ४.२. नाशिकच्या हृदयरोगतज्ज्ञांनी अपिक्सबॅन ही रक्त पातळ करणारी नव्या पिढीची गोळी सुचवलीय. महिन्याचा खर्च ऐकून घरात दोन तट पडलेत, आणि शेजारचे काका म्हणतायत की नव्या गोळीवर उतारा नाही, त्यापेक्षा साधी अ‍ॅस्पिरिन द्या.

मी डॉक्टर नाही. नाशिकरोडला आमचं मेडिकल होतं आणि काउंटरला बहुतेक वेळ मीच असायचे, त्यामुळे या गोळ्या घेणारी माणसं आणि त्यांच्या चिठ्ठ्या भरपूर बघितल्यात. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

काकांचा सल्ला आधी निकालात काढू. वॉरफरिन (अ‍ॅसिट्रॉमसारखीच जुनी गोळी) न झेपणाऱ्या रुग्णांमध्ये अपिक्सबॅन आणि अ‍ॅस्पिरिन यांची थेट तुलना झाली आहे, २०११ साली. अपिक्सबॅनवर पक्षाघाताचं प्रमाण अ‍ॅस्पिरिनच्या निम्म्याहून कमी राहिलं आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच. म्हणजे अ‍ॅस्पिरिन स्वस्त आहे, पण ज्या कामासाठी द्यायची ते काम ती धड करत नाही आणि रक्तस्रावाची भीती काही टळत नाही.

आता नव्या गोळीचे पैसे कशासाठी मोजायचे ते बघू. त्याच वर्षी अपिक्सबॅन विरुद्ध वॉरफरिन असा १८ हजारांवर रुग्णांचा मोठा अभ्यास आला. तो हजार माणसांच्या हिशोबात सांगते. हजार जणांनी वर्षभर वॉरफरिन घेतलं तर साधारण ३१ जणांना मोठा रक्तस्राव झाला, अपिक्सबॅनवर २१ जणांना. डोक्यातला रक्तस्राव वॉरफरिनवर ८ जणांना, अपिक्सबॅनवर ३ जणांना. माझ्या मते सगळ्यात वजनदार आकडा हा शेवटचा. पोटातला रक्तस्राव बहुतेक वेळा सावरता येतो, मेंदूतला फार कमी वेळा. अ‍ॅसिट्रॉम त्या अभ्यासात नव्हती, पण ती वॉरफरिनच्याच जातकुळीतली, व्हिटॅमिन के अडवणारी.

पण 'नवं म्हणजे चांगलं' असं सरसकट मुळीच नाही. नेदरलँड्समध्ये ७५ वर्षांवरच्या थकलेल्या, अशक्त रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला. जुन्या गोळीवर व्यवस्थित चाललेल्या या लोकांपैकी निम्म्यांना नव्या पिढीच्या कुठल्या तरी गोळीवर आणलं. त्यांच्यात रक्तस्राव वाढला, सुमारे १५ टक्के विरुद्ध ९ टक्के. तिकडे जुनी गोळी म्हणून आपल्यासारखीच, म्हणजे अ‍ॅसिट्रॉममधलंच औषध असलेली, अ‍ॅसिनोकुमारॉल बऱ्यापैकी वापरतात, म्हणून हा अभ्यास मला जास्त जवळचा वाटतो. एखाद्या थकलेल्या आजोबांचा आयएनआर वर्षानुवर्षं २ ते ३ च्या मध्ये असेल तर त्यांना उगाच हलवू नये. तुमच्या वडिलांचं तसं नाही. ते बागेत काम करतायत आणि आयएनआर मात्र १.४ ते ४.२ झोके घेतोय. १.४ ला गुठळीचा धोका, ४.२ ला रक्तस्रावाचा. व्हिटॅमिन के भरपूर असलेली मेथी-पालकाची भाजी एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं होतंय का ते एकदा बघा. होत असेल तर गोळी बदलण्याआधी ताट सुधारून बघण्यासारखं आहे.

दोन रिपोर्ट हातात असल्याशिवाय मात्र पुढे जाऊ नका.

पहिला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मायट्रल झडप संधिवाताच्या तापाने आकसलेली असेल किंवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल तर विषय संपला, जुनीच गोळी. २०२२ मध्ये साडेचार हजार रुग्णांवरचा अभ्यास आला, आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतला. संधिवाताच्या हृदयविकारात रिव्हरॉक्सबॅन या दुसऱ्या नव्या गोळीपेक्षा जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले. आपल्याकडे लहानपणी असा ताप येऊन झडप खराब झालेली माणसं कमी नाहीत. चिठ्ठी बदलून घेण्याआधी हा प्रश्न विचाराच.

दुसरा क्रिएटिनिन, मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी. इथे नुसता आकडा बघून फसायला होतं. समजा वडिलांचं १.३ आलं. लॅबवाला फार तर एक बाण काढेल आणि घरचे म्हणतील, जरासंच वाढलंय. आता १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. ६६ गुणिले ५२, भागिले ९३.६. उत्तर ३७ च्या आसपास. म्हणजे मूत्रपिंडं बरीच मंदावलेली. डाबिगॅट्रान, हेही नव्या पिढीतलंच, ८० टक्के मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं, त्यामुळे अशा माणसाला ते देताना डॉक्टर दहादा विचार करतात. रिव्हरॉक्सबॅन २० ऐवजी १५ मिलिग्रॅमवर येतं. अपिक्सबॅनचा नियम वेगळा: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिघांपैकी दोन गोष्टी असतील तरच अडीचची गोळी, नाहीतर पाचची. क्रिएटिनिन १.३ धरलं तर तुमच्या वडिलांची सध्या एकच भरते, वजनाची. म्हणजे पाचची, दिवसातून दोनदा. 'वय झालंय, अडीचच बरी' असं म्हणून कमी करणारे घरोघरी भेटतात. त्याने संरक्षण कमी पडतं. उद्या क्रिएटिनिन १.५ झालं किंवा वडील ८० चे झाले की डोस खरंच बदलेल, तोही डॉक्टरच बदलतील. त्यासाठी क्रिएटिनिन दर सहा महिन्यांनी तरी करून घ्या; वरच्या हिशोबाचं उत्तर ३०-४० च्या घरात असेल तर त्याहून लवकर.

खर्चाकडे येते. अपिक्सबॅनचं भारतातलं पेटंट सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि भाव उतरले. त्यामुळे कुणी जुना भाव सांगून घाबरवलं तर आधी दोन-तीन दुकानांत विचारा, जनऔषधी केंद्रातही विचारा. हिशोब स्ट्रिपवर करू नका, महिन्यावर करा. दिवसाला दोन म्हणजे महिन्याला ६० गोळ्या. समजा एक गोळी १० रुपयांना पडली तर ६०० रुपये. मग अ‍ॅसिट्रॉमच्या बाजूला गोळीच्या किमतीत आयएनआरची फी, निफाडहून नाशिकला यायचं भाडं, तुमचा बुडलेला अर्धा दिवस आणि डोस बदलला की पुन्हा आठवड्यात तपासणी, हे सगळं घाला. फरक उरेल, पण आता वाटतो तेवढा नाही. महात्मा फुले योजनेवर विसंबू नका. ती दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, दर महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही.

माझी खरी धास्ती पुढे आहे. महिनाअखेरीला काउंटरवर येऊन 'ताई, पाचच द्या, पगार झाला की बाकीच्या' म्हणणारी माणसं मी कायम बघितली. बीपीच्या गोळीत तेही वाईटच, पण या गोळीत ते चालतच नाही. अ‍ॅसिट्रॉमचा असर एखादा डोस चुकला तरी थोडा रेंगाळतो. अपिक्सबॅनचा दिवस-दीड दिवसात उतरतो आणि मध्येच बंद केली की पक्षाघाताचा धोका पुन्हा उभा. द्राक्षाचे पैसे हंगामात एकदाच येतात, औषध मात्र बारा महिने लागतं. पुढची दोन-तीन वर्षं हा खर्च खंड न पडता निघेल का, हे भावंडांनी बसून ठरवा. निघणार नसेल तर आयएनआर नीट सांभाळून जुनीच गोळी घेणं केव्हाही बरं. त्यात कमीपणा काही नाही.

उताऱ्याबद्दल काका अर्धे बरोबर आहेत. जुन्या गोळीवर व्हिटॅमिन के कुठेही मिळतं, पण त्याचा गुण यायला तास जातात. डाबिगॅट्रानवर खास इंजेक्शन आहे, महाग आहे आणि प्रत्येक हॉस्पिटलात असेलच असं नाही. अपिक्सबॅनच्या रुग्णाला गंभीर रक्तस्राव झाला तर मोठ्या हॉस्पिटलात गुठळी घडवणाऱ्या घटकांचं इंजेक्शन देतात. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा की रात्री-बेरात्री काही झालं तर नाशिकमध्ये कुठे न्यायचं, आणि ते नाव घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

बागेचं काम बंद करायची गरज नाही. छाटणीच्या वेळी हातमोजे घालू द्या. कात्री लागलीच तर फडकं घट्ट दाबून दहा मिनिटं धरायचं, मधेमधे उचलून बघायचं नाही. पण ओझ्याने गुडघे दुखले की गावातल्या डॉक्टरकडून कंबरेत डायक्लो या वेदनाशामकाचं इंजेक्शन, हे आता कायमचं बंद. डायक्लोची गोळी नको, सुईही नको. सुईच्या जागी आत रक्त साकळतं. टीबीची रिफाम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या अपिक्सबॅनचा असर कमी करतात, म्हणून कुठल्याही नव्या डॉक्टरला आधी या गोळीचं नाव सांगायचं. दात काढायचा असला तरी परस्पर बंद करायची नाही. (कुणाला रिव्हरॉक्सबॅन असेल तर १५ आणि २० ची गोळी जेवणाबरोबरच घ्यावी लागते. एकादशीलाही साबुदाण्याची खिचडी पोटात गेल्यावरच.)

बदलायचं ठरलं तर अ‍ॅसिट्रॉम आज बंद आणि अपिक्सबॅन आजच चालू, असं करायचं नसतं. अ‍ॅसिट्रॉम थांबवून आयएनआर बघतात आणि तो २ च्या खाली आला की नवी सुरू करतात. तारीख डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. त्या दिवशी उरलेल्या अ‍ॅसिट्रॉमच्या स्ट्रिपा डब्यातून काढून टाका, कारण सवयीने संध्याकाळी हात त्याच डब्याकडे जातो आणि दोन्ही गोळ्या एकदम पोटात गेल्या तर प्रकरण अंगाशी येईल. इको आणि क्रिएटिनिन आलं की कळवा.